राखीव शब्द

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग दिवाळी आली आणि दिवाळीबरोबर पुण्याहून नात आली. आजचा विषय तिच्यामुळेच सुचला, तेव्हा लेख कंटाळवाणा वाटला तर तक्रार तिच्याकडे करावी, माझ्याकडे नाही.

नात संगणकाचे शिकते. आपण जालावर जी पाने बघतो ती हलती-बोलती करायची विद्या. भाषेचे नाव जावास्क्रिप्ट. मी तिला म्हटले, "तुला एवढे येते, तर मला एक हजेरीपट करून दे." निवृत्त होऊन सतरा-अठरा वर्षे झाली, पण सवय काही सुटत नाही. शेजारपाजारची आठ-दहा पोरे संध्याकाळी ओट्यावर येतात, त्यांना गणित-मराठी शिकवतो. त्यांची हजेरी मी अजून वहीतच घेतो.

ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. "आबाजी, तुम्ही सांगा, मी लिहिते."

मी म्हटले, "लिही. वर्ग चौथा." तिने इंग्रजीत 'क्लास' लिहिले, बरोबरचे चिन्ह काढले, पुढे चार लिहिले. पडद्यावर लगेच लाल रेघ उमटली. ती हसली. "अरे हो, क्लास नाही चालत. तो राखीव शब्द आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो शब्द भाषेने स्वतःसाठी ठेवला आहे. आपण कशालाही ते नाव द्यायचे नाही."

"छत्तीस वर्षे वर्गात काढली मी, आणि आता वर्गाला वर्ग म्हणायचे नाही?"

"म्हणा ना. स्पेलिंग चुकवून म्हणा. सगळे 'सी' ऐवजी 'के' लावून क्लास लिहितात."

जन्मभर ज्याने पोरांच्या शुद्धलेखनाखाली लाल रेघा ओढल्या त्याला नात सांगते की मुद्दाम चुकीचे लिहा, मग चालेल! मी बघतच राहिलो. पण डोक्यात घर करून बसला तो दुसराच शब्द. राखीव.

पुण्या-मुंबईत राखीव म्हटले की रेल्वेचा डबा आठवत असेल. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे राखीव म्हटले की पहिल्यांदा जंगल आठवते. नात गेल्यावर हे दोन राखीव मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आज लिहितो आहे, आणि शेवटी स्वतःची एक जुनी चूकही सांगणार आहे.

आधी ज्यांना संगणकाचे वावडे आहे अशा माझ्या नातेवाईकांसाठी थोडे. शाळेतला फळा आठवा. डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक. उजव्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर'. हे शब्द वर्षभर फळ्यावर तसेच राहत. रोज सकाळी वर्गनायक फक्त त्यांच्यापुढचा आकडा पुसून नवा लिही. पट बेचाळीस, हजर सदतीस. दुसऱ्या दिवशी हजर एकोणचाळीस. नाव तेच, आतला आकडा बदलता. संगणकाच्या भाषेत अशा नावाला व्हेरिएबल म्हणतात, आपण गणितात शिकवायचो तो 'चल'. ज्याचा आकडा बदलायचा नाही तो 'अचल'. चलाला नाव काय द्यायचे हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. फक्त काही नियम आहेत: नाव अंकाने सुरू करायचे नाही, मधे जागा सोडायची नाही, आणि राखीव यादीतला शब्द घ्यायचा नाही.

ही यादी लागते कशाला? कारण भाषेला स्वतःची आज्ञा ओळखता आली पाहिजे. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, 'रिटर्न' म्हणजे परत दे. उद्या कोणी आपल्या चलाचे नावच 'जर' ठेवले, तर यंत्राला कळणार कसे की हा अट घालतो आहे की हाक मारतो आहे? कवायतीच्या मास्तरांच्या वर्गात एखाद्या पोराचे नाव 'सावधान' असते तर काय झाले असते, तसेच!

इथपर्यंत पटण्यासारखे आहे. गंमत पुढे आहे.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप कंपनीत, दहा दिवसांत उभी केली. दहा दिवस! आमचे वार्षिक नियोजन त्याहून जास्त दिवस चाले. भाषेचे स्वतःचे नावही तिला धड मिळाले नाही. आधी 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट', आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'जावास्क्रिप्ट'. तेव्हा सन कंपनीच्या 'जावा' या भाषेचा फार बोलबाला होता, म्हणून तिचे नाव पुढे लावले. दोन्ही भाषांचा संबंध बेताचाच. नावावर मालकी सन कंपनीची, त्यामुळे जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेने १९९७ साली भाषेचे नियमपुस्तक काढले तेव्हा त्यावर तिसरेच नाव छापावे लागले: 'एक्मास्क्रिप्ट'. सगळे जग जिला जावास्क्रिप्ट म्हणते तिचे जन्मदाखल्यावरचे नाव वेगळे. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. का थांबलो ते पुढे कळेल.

त्या पहिल्या नियमपुस्तकात कामाच्या शब्दांची एक यादी होती, आणि तिच्याखाली आणखी एक: पुढे कधीतरी लागतील म्हणून अडवून ठेवलेल्या शब्दांची. 'क्लास' त्यात होता. १९९९ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा या 'पुढे लागतील' यादीत ३१ शब्द होते. बहुतेक जावा भाषेकडून आलेले. 'इंट', 'बाइट', 'शॉर्ट', 'लाँग', 'डबल', 'गोटू'. भाषेला त्यांचे काही काम नव्हते, पण आपल्याला कधी लागलेच तर असावेत, म्हणून कुंपण घातले. तोवर कोणी वापरायचे नाहीत.

आता आमचे जंगल.

इंग्रजांनी १८६५ साली हिंदुस्थानात पहिला जंगल कायदा केला आणि १८७८ साली दुसरा, जास्त पक्का. त्यात जंगलाच्या प्रतवाऱ्या पाडल्या: राखीव, संरक्षित आणि गावाची. यातला फरक आम्हाला एका जुन्या वनपालांनी फार सोपा करून सांगितला होता. संरक्षित जंगलात जे मना केले नाही ते सगळे करता येते. राखीव जंगलात ज्याची परवानगी दिली नाही ते काहीच करता येत नाही. एकच वाक्य, पण उलटे फिरवलेले, आणि त्यात एका माणसाचे आयुष्य इकडचे तिकडे होते. राखीव ठरवण्याआधी जाहीरनामा निघे. ज्याचा काही हक्क असेल त्याने येऊन सांगावा, मुदत किमान तीन महिने. ज्याने सांगितला नाही त्याचा हक्क संपला. ज्याला वाचता येत नाही आणि जो पावसाळ्यात चार महिने नदीपलीकडे अडकलेला असतो त्याने तीन महिन्यांत कुठे जाऊन काय सांगायचे? १९२७ साली नवा कायदा आला, त्यातही बेत तोच राहिला.

या दृष्टीने पाहिले तर जावास्क्रिप्टचा नियम राखीव जंगलासारखा नाही, संरक्षितासारखा आहे. एवढे शब्द सोडा, बाकी अख्खी भाषा तुमची. यादी छोटी, छापलेली, सगळ्यांना दिसणारी. हे मला आवडले. (योगायोग बघा, 'प्रोटेक्टेड' म्हणजे संरक्षित, हा शब्दही त्या ३१ जणांत होता!)

आणि त्या यादीचे पुढे काय झाले? २००९ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती आली. दहा वर्षे अडवून ठेवलेल्या त्या ३१ शब्दांपैकी बरेचसे मोकळे केले. 'इंट', 'बाइट', 'गोटू' सगळे सुटले. 'प्रायव्हेट', 'पब्लिक' वगैरे काही शब्द, तुम्ही आपणहून कडक शिस्त मागितली तरच राखीव. सरसकट राखीव असे सातच उरले. त्यातल्या 'क्लास'ला काम मिळाले २०१५ च्या जूनमध्ये, म्हणजे कुंपण घातल्यापासून अठरा वर्षांनी. आणि 'इनम' नावाचा एक शब्द १९९७ पासून आजपर्यंत नुसता राखीव आहे. त्याला जावास्क्रिप्टने कधी काम दिलेले नाही, आणि सोडलेही नाही. आमच्या गावच्या एस. टी. स्टँडशेजारी एक भूखंड असाच आहे. फलक गंजून गेला, पण जागा अजून राखीव!

बरे, नियम केला म्हणून माणसे वापर थोडीच सोडतात? पानातल्या घटकाला 'क्लास' लावायची रीत आधीपासून होती. तो शब्द जावास्क्रिप्टमध्ये राखीव, म्हणून तिथून त्याला हात लावायचा तर 'क्लासनेम' असे लांब नाव घ्यायचे ठरले. पुढच्या दाराला कुलूप आहे म्हणून परसदारातून जायचे, आणि मग तीच पायवाट होऊन बसते. आमच्याकडे कुठल्याही राखीव कंपार्टमेंटच्या कडेला जाऊन बघा, अशा पायवाटा दिसतील.

२००९ चा आकडा माझ्या ध्यानात राहिला त्याचे दुसरे कारण आहे. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला त्याच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. सुमारे १८०० हेक्टर जंगल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते एका शब्दाविषयी. बांबू.

१९२७ च्या कायद्यात 'झाड' म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्र म्हणते बांबू हे गवत. पण कायद्यात ते झाड, आणि जंगलातून तोडून आणलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणून वनखात्याचे. मग २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू गौण वनउपजात धरला, मोहफूल आणि तेंदूपानाच्या रांगेत, म्हणून गावाचा. एकच नाव, आणि दोन कायद्यांत त्याच्या आत दोन वेगळ्या गोष्टी. नातीला सांगितले तर ती म्हणाली, "आबाजी, याला आम्ही स्कोप म्हणतो." म्हणजे व्याप्ती. एकाच नावाचा चल एका आवारात पाच असतो, दुसऱ्या आवारात पन्नास. तुम्ही कोणत्या आवारात उभे आहात त्यावर अर्थ ठरतो.

संगणकात हे वाद क्षणात मिटतात, कारण कोणते आवार आधी बघायचे ते लिहून ठेवलेले असते. मेंढ्याला हक्क २००९ साली मिळाला, पण आपला बांबू आपण वाहून न्यायचा परवाना गावाच्या हाती पडला २७ एप्रिल २०११ रोजी, केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः गावी आले तेव्हा. आणि १९२७ च्या कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला गेला तो २०१७ साली. नव्वद वर्षे! एक शब्द खोडायला.

मेंढ्याच्या नावाचीही गंमत आहे. ते गाव नेहमी 'मेंढा (लेखा)' असे लिहितात. लेखा हे शेजारचे गाव. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत एकाच नावाची गावे पुष्कळ, म्हणून शेजाऱ्याचे नाव कंसात जोडून ओळख पटवायची. टपालवाल्यांची सोय. दोन नावे एकमेकांवर आदळली की संगणकवालेही हेच करतात म्हणे, मागे-पुढे काहीतरी जोडतात.

आता नाव बदलण्याविषयी. आमचे चंद्रपूर पूर्वीचे चांदा. १९६४ च्या सुमारास नाव बदलले, पण माझ्या आईने शेवटपर्यंत चांदाच म्हटले. आजही आमच्याकडे दोन रेल्वे स्टेशने आहेत, एक चंद्रपूर आणि एक चांदा फोर्ट. भद्रावतीजवळचा दारूगोळ्याचा कारखानाही चांदा नावानेच ओळखला जातो. नाव बदलायचा हुकूम एका दिवसात निघतो, पण ते आधी कुठे कुठे लिहून ठेवले आहे ते शोधून बदलणे कोणाला होत नाही.

जालावर तर हे फारच. एखादे पान तुम्ही कोठून आलात हे सांगणारी एक खूण संगणक आपापसांत पाठवतात. 'रेफरर'. इंग्रजीत त्यात चार 'आर' हवेत. १९९६ च्या नियमपत्रात तीनच लिहिले गेले. चूक कळली तोवर जगभर तसेच लिहून झाले होते. आज तीस वर्षे होत आली, अख्खे जग रोज कोट्यवधी वेळा ते चुकीचे लिहिते, कारण आता सुधारले तर बिघडेल. मी असतो तर पहिल्या दिवशी लाल रेघ ओढली असती!

पण यातली सर्वांत आवडलेली गोष्ट २०१८ सालची. याद्यांच्या आत याद्या असतील तर त्यांची एकच सरळ यादी करायची सोय जावास्क्रिप्टमध्ये द्यायचे ठरले. नाव ठरले 'फ्लॅटन'. सगळे तयार, आणि मग लक्षात आले की मूटूल्स नावाच्या एका जुन्या साधनसंचाने हे नाव कितीतरी आधी वापरून ठेवले आहे. नवे आणले तर त्या साधनावर चालणारी काही जुनी पाने मोडतील. मूटूल्सची चलती केव्हाच संपली होती. बड्या कंपन्यांनी म्हणायला हरकत नव्हती की मोडली तर मोडोत. बरीच वादावादी झाली, पण शेवटी माघार घेतली ती नियम करणाऱ्यांनी. नाव ठेवले 'फ्लॅट'. जुनी पाने शाबूत राहिली.

आमच्याकडे याला जुना शब्द आहे: निस्तार. गावाला जळण, चराई, छपराचे गवत, नांगराचे लाकूड जंगलातून आणायची जी वहिवाट, तो निस्तार. कागद नसला तरी वहिवाट असते, आणि वहिवाटीला मान द्यायचा असतो. १८७८ सालच्या जाहीरनाम्यात हा मान नव्हता. २०१८ साली एका जुन्या, मागे पडलेल्या साधनाला तो मिळाला. नियम करणाऱ्याने आधी विचारायचे असते की हे नाव इथे कोणी वापरते आहे का.

असो. हजेरीपटाकडे वळतो.

इंग्रजी क्लास चालत नाही म्हटल्यावर नातीला एकदम सुचले. "आबाजी, मराठीत लिहू?" तिने सरळ देवनागरीत 'वर्ग' लिहिले. लाल रेघ नाही! मला खरे वाटेना. १९९९ च्या त्या तिसऱ्या आवृत्तीपासूनच जगातल्या कुठल्याही लिपीतले अक्षर नावात चालते म्हणे. तेव्हा आम्ही मराठी टंकायचो ते बहुधा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फाँटांत. डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी. जुने ब्लॉगवाले मित्र ओळखतील. युनिकोड आणि बराहा आल्यावर कुठे आपण मराठीत लिहिते झालो. अलीकडे, २०१७ आणि २०१८ साली, गोंडीच्या दोन लिप्याही युनिकोडात आल्या, मसराम आणि गुंजाळा. त्यांतली अक्षरेही आता चलाच्या नावात चालतात.

मग आम्ही दोघे हट्टाला पेटलो. सगळी नावे मराठीत. 'पट', 'हजर', 'गैरहजर'. इंग्रजीत दोन शब्द जोडताना दुसऱ्याचे पहिले अक्षर मोठे करतात, आपल्याकडे लहान-मोठे अक्षर नाहीच, म्हणून मधे खालची रेघ दिली. आणि एक नियम पाहून मी खूश झालो. नाव मात्रा-वेलांटीने सुरू करता येत नाही. आधी अक्षर, मग त्याला काना-मात्रा. पहिलीच्या बाई हेच तर शिकवतात!

पुढे मात्र अडले. 'दुसऱ्या_वर्गाचा_पट' असे एक नाव होते. एकदा मी टंकले माझ्या जुन्या पद्धतीने, एकदा नातीने तिच्या कळफलकावरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. यंत्र म्हणते, असे नाव मला माहीत नाही. अर्धा तास गेला. शेवटी सापडले ते 'ऱ्या' मध्ये. हे अक्षर युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येते: एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलंत, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. दिसायला एक, आत वेगळे. यंत्राच्या लेखी ही दोन नावे, म्हणजे दोन वेगळे चल. एकात आकडा आहे, दुसरा जन्मलाच नाही.

नात हसत होती. मला हसू येईना, कारण मला एक पोरगा आठवला.

१९७६ साली मी एटापल्लीच्या पलीकडे एका शाळेवर होतो. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता (तो १९८२ च्या २६ ऑगस्टला झाला), सगळा चंद्रपूरच. गाव माडियांचे. मला मराठीशिवाय काही येत नव्हते, पोरांना माडियाशिवाय. जूनमध्ये दाखलखारीज रजिस्टर उघडून बसलो. एक बाप सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मी नाव विचारले. त्याने सांगितले. मला ते नीट ऐकू आले नाही, आणि जे ऐकू आले ते देवनागरीत कसे लिहावे कळेना. पुन्हा विचारायला हवे होते. त्याऐवजी मी काय केले, तर एक छानसे, सुटसुटीत मराठी नाव लिहून टाकले. जन्मतारीख एक जून. त्या काळी मी एकटा असे करत होतो असे नाही, पण दुसऱ्यांचे सांगत नाही, माझे सांगतो. मला वाटले, पोराचे भले केले. पुढे मागे कोणी हसणार नाही त्याला.

ते नाव इथे देत नाही, आणि घरचे तर नाहीच. ते त्याचे आहे.

२०१० साली तो मला शोधत चंद्रपूरला आला. चाळिशीचा गृहस्थ. वनहक्काचा दावा केला होता. बापाच्या वेळेपासून कसत असलेली जमीन. कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा हवा, तो होता. पण शाळेच्या दाखल्यावर आणि त्यावरून निघालेल्या जातीच्या दाखल्यावर माझे नाव, म्हणजे मी दिलेले. मतदार यादीत, रेशनकार्डावर आणि गावकऱ्यांच्या तोंडी घरचे नाव. एका कचेरीने कागद परत केले होते. दोन नावे, म्हणजे दोन माणसे. एकाकडे जमीन आहे पण दाखला नाही, दुसऱ्याकडे दाखला आहे पण जमीन नाही.

मी त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो. शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केले की ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत. रजिस्टरमधले नाव मीच लिहिले होते आणि ते मुलाला वा त्याच्या बापाला न विचारता लिहिले होते, असे मी वेगळ्या कागदावर लिहून सही केली. लिहिताना हात थोडा कापला. पुढे वर्ष-दीड वर्षाने पट्टा मिळाला, त्याच्या आणि बायकोच्या नावे. त्याचे नाव त्यावर मी दिलेलेच आहे. दाखल्याप्रमाणे.

त्या दिवशी चहा पिताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या गुर्जी. तुमचं नाव सरकारात चालते, माझं नाव घरी चालते."

स्कोप. नातीच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा मला हेच वाक्य ऐकू आले होते.

नात भाऊबीज करून गेली. जाण्याआधी हजेरीपट पुरा करून गेली. तिसऱ्या दिवशी पोरे ओट्यावर आली, तेव्हा मी एकेकाला समोर बसवून विचारले, तुझे नाव कसे लिहू, तूच सांग. बहुतेकांनी शाळेतले सांगितले. पाचवीतल्या एका मुलीने शाळेतले सांगितले, मग घुटमळली, आणि म्हणाली, आजी मला वेगळ्या नावाने हाक मारते. मी म्हटले, तेही सांग. तिने सांगितले. दोनदा विचारून घेतले, अक्षर नि अक्षर. मग पुण्याला फोन लावून पटात एक रकाना वाढवून घेतला, आणि दोन्ही नावे लिहिली.

त्या रकान्याला 'हाक' असे नाव दिले आहे. राखीव यादीत नाही, पाहून घेतले.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असे दोन नावांचे कोणी असेल, शाळेने दिलेले एक आणि घरचे एक, तर जरूर लिहा. विशेषतः जुन्या मास्तर मंडळींनी.